करवंदांचा केक

माझे सासरे एसटीत कंडक्टर होते, हिंगोली–नांदेड गाडीवर. मी त्यांना मामा म्हणायची. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसापासून नांदेडहून केक आणायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. चॉकलेटचा केक, वर पांढरं क्रीम, चॉकलेटचा कीस आणि लालभडक चेऱ्या. वाढदिवस मे महिन्यात. तो खोका ओल्या टॉवेलात गुंडाळून मामा आमच्या गावी, कळमनुरीला उतरायचे, तोवर निम्मं क्रीम खोक्याच्या झाकणाला लागलेलं असायचं. ते बोटाने पुसून खायचा मान त्यांचाच.

मुलगी सात वर्षांची होणार होती त्या साली मामांना साखर निघाली. मी दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगायचं आणि घरात तसला केक कापायचा, हे काही मला पटेना. यंदा केक मीच करणार, असं मी जाहीर करून टाकलं.

आठवडाभर आधी रंगीत तालीम केली. मैद्याऐवजी कणीक, लोण्याऐवजी दोन चमचे तेल, साखर अजिबात नाही; कोको तेवढा ठेवला. लग्नात आलेला काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन माळ्यावरून काढला. केक फुगला नाही. सुरी टेकवली तर वरच्यावर घसरली.

मामांनी एक तुकडा उचलून उलटासुलटा पाहिला. "बाई, हे केक हाय का गवरी?"

मुलगी खो खो हसली. दिवसभराची ड्यूटी करून मी ओट्याशी उभी होते. माझे डोळेच भरून आले. मामांच्या ते लक्षात आलं. ते गुपचूप चहा घेऊन बसले आणि तुकडा चहात बुडवून सगळा खाल्ला. मग म्हणाले, "चेरी काहून लावली न्हाई?"

"ती पाकातली असते, मामा. तुम्हाला चालत नाही."

मुलीसाठी आणलेली चेऱ्यांची पुडी ताटात होती. मामांनी त्यातली एक चेरी नखाने फोडली, आत निरखून पाहिलं, हुंगली. "कशाची चेरी अन् काय! हे तं करवंद हाय. लहानपणी शेळ्यांमागं फिरताना हेच खाऊन राहायचो आमी."

मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदाराला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "हो, करवंदंच. बी काढून रंगवतात आणि पाकात मुरवतात." इतकी वर्षं आम्ही नांदेडहून करवंदं आणत होतो!

"मंग रंग अन् पाक कशाला पायजे?" मामा म्हणाले. "बाजारात ताजी येऊन राहिली ना."

आठवडी बाजाराला मामा स्वतः गेले, मला सोबत घेऊन. तांड्यावरची एक बाई पाटीत काळी करवंदं घेऊन बसली होती. वर्षानुवर्षं ती मामांच्याच गाडीने यायची. मामांना पाहताच ती म्हणाली, "आज तिकीट मीच फाडते, साहेब!" आणि माप भरून वर एक ओंजळ जास्त घातली.

बिया काढायला आम्ही तिघं फरशीवर बसलो. बोटं जांभळी झाली, मुलीची तर जीभही. करवंदं थोड्या खजुरात शिजवली. कोको घातलेल्या पिठात या वेळी खजूर वाटून घातला, ताक घातलं, तेल जरा सढळ केलं. क्रीमऐवजी दह्याचा चक्का फेटला. खजूर म्हणजे काही औषध नव्हे, साखर त्यातही असतेच; म्हणून मामांचा तुकडा दोन बोटांचाच, हे मी आधीच बजावून ठेवलं.

वाढदिवसाला केक ओव्हनमध्ये गेला आणि वीस मिनिटांत लाईट गेली. त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगला वेळकाळ राहिलेला नव्हता. मी झाकणाला हात घातला तसे मामा ओरडले, "उघडू नको! आत धग हाय अजून." आम्ही ओव्हनवर जाड गोधडी टाकली आणि वाट पाहत बसलो. तासाभराने पाहिलं तर केक शिजला होता, फक्त मध्ये चांगली वाटीएवढी खोल खळी पडली होती.

"बराबर झालं," मामा म्हणाले. त्यांनी त्या खळीत सगळा चक्का ओतला आणि वर करवंदं रचली.

केक मऊ होता. करवंदं आंबट लागत होती आणि मागून चॉकलेटची कडसर चव येत होती. शेजारच्या काकूंनी दोनदा मागून घेतला. मामांनी आपला तुकडा इतका सावकाश खाल्ला की पोरांची संगीतखुर्ची संपली तरी त्यांच्या ताटलीत घास होताच.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"गोड कमी हाय," ते म्हणाले, "पण खोक्याला काई चिकटलं न्हाई, सगळा पोटात गेला."

मुलीला मात्र क्रीमचा गुलाब हवा होता. तसं तिने सगळ्यांसमोर, तोंडात करवंद असतानाच सांगितलं.