खड्ड्यातली पट्टी

कुठल्याही यंत्राला ती आधी उलटा हात लावायची. तुम्हीही जुन्या वायरमन लोकांना असं करताना पाहिलं असेल. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "सुलटा लावला आन करंट असला त मूठ आवळते, सुटत नाई. माह्या घरच्यानं सुलटा लावला होता."

नांदगाव पेठच्या आमच्या कापड कारखान्यात तिचा नवरा मागावर होता. मागाच्या लोखंडात वीज उतरली आणि तो जागीच गेला. 'कामगाराचा हलगर्जीपणा', असं इंजिनिअर साहेबांनी अहवालात लिहिलं. टाइप मी केलं.

तिला झाडूचं काम मिळालं. झाडता झाडता तिने आयटीआय केलं, परीक्षा दिली आणि नवरा गेला त्याच मागांच्या शेडची वायरमन झाली. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "कौतुकासाठी नाई शिकली मी."

जेवणाच्या सुट्टीत मलाही शिकवायची. "ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीत घट्ट पायजे. मंग बिघाड झाला की फ्यूज उडते. न्यूट्रल सुटला त फ्यूज झोपून राहते आन माणूस उडते." मला घरचा फ्यूजसुद्धा बदलता येत नव्हता. "बाबू, तुमी कागदच सांभाळा," म्हणायची. मी हसायचो. ती नाही.

एका उन्हाळ्यात तिने ट्रान्सफॉर्मरजवळचा अर्थिंगचा खड्डा उकरला. न्यूट्रलची पट्टी वर चकचकीत, हातभर खाली कापलेली. वीज जमिनीत मुरवणारी तळाची प्लेटच नव्हती. काम झाल्याची सही त्याच इंजिनिअर साहेबांची होती. तिने मेन पाडून शेडची वीज बंद केली आणि सरकारी विद्युत निरीक्षकांना स्वतः फोन केला.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांसमोर, सगळी पाळी जमलेली असताना, ती इंजिनिअर साहेबांना म्हणाली, "साहेब, मागाले हात लावा. मी मेन चालू करते."

साहेबांचा हात खिशातून निघेना.

"काहून? तुमी त हलगर्जी नाई ना!"

"बाई, पुरे," निरीक्षक म्हणाले.

"पुरे नाई. चूक त्याची नोती, हे यायनं लिहून द्यावं."

साहेबांनी लिहून दिलं. टाइप पुन्हा मीच केलं. ती माझ्या पाठीशी उभी राहून अक्षर न् अक्षर वाचत होती. साहेबांची नोकरी गेली. गेटवर त्यांनी तिला हात जोडले. ती म्हणाली, "माफी त्याले मांगा."

नवी प्लेट बसली, नट तिने स्वतः आवळले आणि राजीनामा दिला. मी चहा घेऊन गेलो. म्हटलं, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं."

"विचारलं होतं का कोणाले?"

चहा तिने घेतला नाही. गेटवर अकोल्याची बस थांबली, ती चढली. खिडकीतून दिसत होतं, कंडक्टरशी काहीतरी बोलत ती चक्क हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होतो.