गोळे मॅडमचा गोंद

गोळे मॅडम जखमेला हात लावण्याआधी म्हणायच्या, "मूठ मिटा. उघडा. परत मिटा." समोर कुरुळीच्या कंपनीतला कामगार, पत्र्यानं कापलेला हात रुमालात धरून बसलेला; आणि बाई मात्र बोटं नीट हलतात का, जखमेच्या कडा फाकतात का, ते निवांत बघत राहायच्या.

चाकणजवळच्या आमच्या दहा खाटांच्या दवाखान्यात त्या आल्या तेव्हा मला तिथं बारा वर्षं झाली होती. हाताला टाके घालावेत ते मीच, अशी माझी ख्याती. बाईंनी कातडी चिकटवायचा गोंद आणला. जखम लहान, सरळ, कोरडी असली की कडा जुळवायच्या, वरून गोंद फिरवायचा, मिनिटभर धरून ठेवायचं. सुई नाही, टाके काढायला परत येणं नाही, शिफ्ट बुडत नाही. महिन्याभरात लोक मला बघून विचारू लागले, "मॅडम न्हाईत का? मग थांबतो आमी." मी समोर रिकामा बसलेलो असायचो, तरी!

"बाईंना टाके जमत नसतील," असं मी एकदा सिस्टरला म्हणालो, बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं. त्या हसल्या. "जखम काय मागते ते द्यायचं, डॉक्टर. आपल्याला काय आवडतं ते नाही."

एकदा त्या रजेवर असताना दत्ता नावाचा फिटर आला. बोटाच्या अगदी सांध्यावर कापलेलं. "मॅडमसारखं चिकटवून द्या की." इथं टाकेच हवेत, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मलाही ते येतं, हे दाखवायचं होतं. चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना आवळताना जखम उकलली. दत्ता आला तेव्हा बाई हजर. त्यांनी बोट वाकवून पाहिलं, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि दत्ताला म्हणाल्या, "सांध्यावर सुटतं असं. आता टाके घालू." जखम धुऊन त्यांनी चार टाके घातले. इतके एकसारखे टाके मला बारा वर्षांत जमले नव्हते.

चहाच्या वेळी मी सबब सांगू लागलो. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी माझ्याशी भांडा. पेशंटच्या बोटाशी नको."

गेल्या वर्षी त्यांनी आळंदीला स्वतःचा दवाखाना काढला. निरोपाला मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. दत्ताची गोष्ट तेवढी गाळली. आता हात कापलेले लोक माझ्याकडेच येतात. त्यातले बरेच जण आधी आळंदीचा पत्ता विचारतात. मी तो नीट लिहून देतो. अजूनही जिवावर येतं.