सुलभाचे दोन दिवस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुलभाला नाही. गार्गीला, आमच्या मुलीला नाही. रोज सकाळी जिच्यापुढे हात जोडून उभा राहतो त्या मंगला गौरीलाही नाही — देवीला सांगावं लागत नाही, तिला सगळं कळतं, असं म्हणतात. ते माझ्या चांगलंच पथ्यावर पडलं. तुम्ही माझे कोणी लागत नाही. म्हणून असेल कदाचित, तुमच्यापुढे तोंड उघडतंय.

गोष्ट छोटी आहे. वाचून तुम्ही म्हणाल, एवढंच? सहलीला किती दिवस राहायचं यावरून मी एकदा खोटं बोललो. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बसलं नाही. मग दहा वर्षं झाली तरी ते घशाशी का येतं? पंचांग उघडलं की का येतं?

पंचांग माझ्या पोटापाण्याचं आहे. आम्ही काशीतले मराठी, ब्रह्मा घाटावरचे, पिढ्यान् पिढ्या भिक्षुकी करणारे. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू आमच्याकडे उतरतात. त्यांचं गंगापूजन, श्राद्ध मी करतो आणि त्यांच्या पंगती सुलभा सांभाळते. गल्लीत कुणाला स्कूटर आणायची असो की मुलाची मुंज करायची असो, दिवस मला विचारतात. गुरुजींनी मोजलं म्हणजे मोजलं, असा माझा लौकिक आहे. तेव्हाही होता. हे आधी सांगतोय, कारण पुढे जे केलं ते याच लौकिकाच्या जोरावर केलं.

गार्गी तेव्हा सहावीत होती. तिने फोनवर कुठलासा पार्क पाहिला — उंच घसरगुंड्या, पाण्याच्या लाटा, उलटे फिरणारे पाळणे. पुण्याहून दोन-तीन तासांवर. पुण्यात सुलभाचा भाऊ शेखर असतो, रेल्वेत. तो म्हणाला, या की. जायची तिकिटं त्याने काढून दिली आणि परतीचं तुमच्यावर सोडतो म्हणाला. बनारसला थेट गाडी रोज नसते. आम्ही रविवारी घरून निघणार होतो आणि बुधवारी पार्कात पोचणार होतो. मग एक तर एकच दिवस राहून गुरुवारची गाडी धरायची, नाही तर आणखी दोन दिवस राहून शनिवारची. पहिला दिवस पाहा, मौज आली तर राहा, संध्याकाळी मला फोन करा — असं त्याचं म्हणणं.

सुलभाने कपडे शनिवारच्या हिशोबानेच भरले. लग्न होऊन झाशीहून आली तेव्हापासून ती अशी कुठे गेलीच नव्हती. माहेरी जायची, तिथेही चूल. इथे तर बोलायलाच नको. कधी कधी आम्ही अंथरुणातून उठायच्या आत दारात पाहुणे सामान घेऊन उभे. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. मला वाटायचं, हिला हेच आवडतं. आपल्या सोयीचं असलं की माणसाला काहीही वाटतं, नाही का?

तर बुधवार. पाण्यात उतरायला तिथे त्यांचेच कपडे घ्यावे लागतात. धोतर चालत नाही. मला गुडघ्यापर्यंतची निळी नायलॉनची चड्डी मिळाली, वर तसलाच बनियन आणि डोक्याला रबरी टोपी. शेंडी आत कोंबताना गार्गी इतकी हसली की खाली बसली. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, तोवर मलाही गंमतच वाटत होती.

मग आम्ही त्या मोठ्या घसरगुंडीवर चढलो. मी घाटावर वाढलेला माणूस, गंगा पोहून पलीकडे जाणारा. पाण्याचं मला काय भय? पण वर पोचलो, खाली पाहिलं, आणि पाय हलेनात. मागून लोक म्हणताहेत, काका, चला. मी बाजूला झालो. ज्या जिन्याने चढलो त्याच जिन्याने उतरू लागलो आणि चढणारे एकेक जण भिंतीला चिकटून मला वाट देत गेले. घाटावर लोक मला वाट देतात ती पाया पडायला. इथे — जाऊ द्या, तुम्हाला कळलं असेल.

खाली आलो तर वरून सुलभा येत होती. माझी सुलभा, हात वर करून ओरडत. पाण्यात पडली, नाकातोंडात पाणी गेलं, उठली आणि हसत सुटली. तसं हसणं मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. मी तिथेच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, गार्गीचा हात धरून पुन्हा जिन्याकडे पळाली. पळाली हो! घरी गुडघे दुखतात म्हणणारी बाई.

दिवसभर हेच चाललं. मी सगळ्यांचे चष्मे आणि चपला राखत बाकावर बसलो. तिथे एक कालवा होता, पार्काला वेढा घालून संथ वाहणारा. मोठ्या रबरी टायरवर आडवं पडायचं, पाणी आपोआप फिरवून आणतं. बस, दुसरं काही करायचं नाही. सुलभा त्याच्या काठी थांबली. इतकी वर्षं ती गंगेच्या काठी राहते, पण तिचं गंगेत जाणं म्हणजे नेसत्या साडीने तीन बुड्या आणि लगेच घरी, कुकर लावायला. मला म्हणाली, "हे आज नाही. हे उद्या आणि परवा. मी सकाळी यात पडणार, ती तुम्ही ओढून काढाल तेव्हाच निघणार." आणि गेली गार्गीच्या मागे.

संध्याकाळी आम्ही पार्कातल्याच हॉटेलात खोलीवर आलो. गाद्यांवर कुणी तरी चादरी ताणून घातल्या होत्या. सुलभा त्या चादरीवरून नुसता हात फिरवत बसली होती. तेवढ्यात शेखरचा फोन आला — गुरुवार की शनिवार? गार्गी ओरडली, "शनिवार! सच्ची बाबा, शनिवार!" सुलभा माझ्याकडे बघून हसली, झालं.

आणि मी म्हणालो, शनिवारी निघता येणार नाही.

मी असं का म्हणालो? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पोट बिघडलं होतं. मग काही वर्षं म्हणत होतो की घसरगुंडीची लाज वाटली, पुन्हा दोन दिवस त्या चड्डीत बाकावर बसवलं नसतं. तेही खरंच होतं. पण तेवढंच असतं तर मी खोलीत पडून राहिलो असतो की! त्या दोघींना कुणी अडवलं होतं? खरं ते हे आहे — ती माझ्यावाचून इतकी खूष आहे, हे मला सोसवलं नाही. तिला दिवसभर माझी काही गरज पडली नाही. आणखी दोन दिवस पडणार नव्हती. मला ती घरी हवी होती, जिथे मी गुरुजी आहे आणि ती माझं ताट वाढते.

एवढं लिहायला मला तीन वेळा उठावं लागलं.

आता खोटं कसं बोललो ते. आमच्यात प्रवासाचा एक नियम पाळतात — घर सोडल्यापासून नवव्या दिवशी घरात पाऊल टाकायचं नाही. प्रयाणनवमी म्हणतात तिला. रविवारी निघालेला माणूस रविवारी घरी पोचला तर तो आठवा दिवस. हे गार्गीलाही मोजता येत होतं. म्हणून मी तिथीने मोजलं. म्हणालो, मधे एका तिथीचा क्षय आहे, एक तिथी गळते, तेव्हा तिथीने त्या रविवारी नववी येते. आणि वर चेहरा पाडून म्हणालो, हे मला निघतानाच दिसायला हवं होतं. माझी मोजणी चुकली.

त्या पंधरवड्यात क्षयतिथी नव्हती. निघताना मी स्वतः दोनदा पाहिलं होतं.

सुलभाने हातातला फोन पाहिला असता तर तिला लगेच कळलं असतं. पंचांग आता फोनवरही असतं. पण तिने पाहावं कशाला? घरात मी असताना? गार्गी रडायला लागली, म्हणाली, बाबा नेहमी असंच करतात. तेव्हा सुलभा तिच्यावर रागावली. माझ्यासाठी रागावली. मग माझ्याजवळ येऊन बसली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "इतकं परेशान होऊ नका हो. गलती कुणाची होत नाही? एक दिवस मिळाला, तो काय कमी झाला? मला तर बढिया मजा आली." मी न केलेल्या चुकीबद्दल ती माझी समजूत काढत होती. मी मान खाली घालून ती काढू दिली. तेव्हाच बोलता आलं असतं. शेखरला गाडी कळवायची होती अजून.

सकाळी रिक्षाकडे जाताना वाटेत तो कालवा लागला. पार्क उघडायचा होता, टायर काठाला बांधून ठेवलेले. सुलभा तिकडे बघत नव्हती. बॅगेची चेन नीट लागली का, ते बघत होती.

घरी आलो तर दारातच माझे वडील. मुहूर्ताचं सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो. अख्खा पंधरवडा त्यांना तोंडपाठ असायचा. त्यांनी विचारलं, इतक्या लवकर? मी काही बोलायच्या आत सुलभाने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, मधे क्षयतिथी होती ना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं — उन्हाने रापलेला तिचा चेहरा, नाकावरची साल निघत होती. आणि म्हणाले, "हो. होती."

जन्मभरात तिथीबद्दल खोटं न बोललेला माणूस. मला त्यांनी कधीच काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसानंतर घरातला कुठलाही मुहूर्त ते माझ्याकडून घेत नसत. दिसत नव्हतं तरी भिंग धरून स्वतः पंचांग बघत बसायचे. गेले तोवर.

त्यानंतर सुलभा कुठेच गेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, यात्रेकरू, पंगती, बाबांचं आजारपण. गुडघे आता खरेच दुखतात तिचे.

आणि आता मागच्या आठवड्यातली गोष्ट. गार्गी बंगळुरूला नोकरी करते. तिकडेही तसाच एक पार्क आहे, आईला घेऊन जायचं तिच्या मनात आहे. फोनवर विचारत होती, किती दिवस ठेवू? तिथे तो पाण्याचा कालवा आहे, टायरवाला. मी बाहेरच्या खोलीत संध्येला बसलो होतो. सुलभाचा आवाज आतून आला. आवाज बारीक केला होता, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

"एकच दिवस ठेव, बेटा. जास्त नको. मागे तुझ्या बाबांची मोजणी चुकली तर किती मनाला लावून घेतलं होतं त्यांनी! पुन्हा तसं झालं तर त्यांना सहन नाही होणार."

पळीतलं पाणी हातात तसंच राहिलं. दहा वर्षं ती माझं ते दुःख जपत होती, जे मला झालंच नव्हतं.

मी उठलो, आत गेलो, तिच्या हातातून फोन घेतला आणि गार्गीला सांगितलं, चार दिवस. पहिल्या दिवसापासून तो कालवा. मी येईन, चपला राखीन. पलीकडून गार्गी म्हणाली, बाबा, तबियत ठीक आहे ना?

सुलभाने माझ्या हातून फोन घेऊन ठेवला. ओटा पुसला. मग जवळ येऊन माझ्या खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि हळूच विचारलं, "नीट मोजलंत ना या वेळी?"

हो म्हणालो. नीट मोजलंय.

त्या वेळीही नीटच मोजलं होतं, हे काही तोंडातून आलं नाही.