बंद म्हणजे बंद

आमच्या गॅलरीसमोरच्या घरात एक कटिंग मास्तर राहतात. एकटेच. तीस वर्षं एकाच दुकानात सूट कापतायत. दोन वर्षांपासून डोळे जात चाललेत, पण दुकानात कळलं तर हातातली कात्री जाईल, म्हणून मास्तरांनी कुणाला कानोकान खबर लागू दिली नाही. आम्हाला कळलं ते पडद्यामुळे.

संध्याकाळी घरी आले की मास्तर हाताने बघायचा सराव करत. तो कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी खिडकीला मोटरचा पडदा लावून घेतला. वायरमनने बटण दिलं एकच. पडदा वर असेल तर खाली, खाली असेल तर वर.

"आणि काम झालं की फोन बोलेल, मास्तर," म्हणून तो मोकळा झाला.

फोन बोलायचा, "बंद." आता बंद कोण, पडदा की मोटर? वायरमनने सांगितलं नाही, मास्तरांनी विचारलं नाही. मोटर थांबली की फोन बंद म्हणायचा, पडदा कुठेही असो.

जुनी कामवाली सकाळी पडदा वर करून जायची, तोवर सगळं सुरळीत होतं. नवीन आली ती उन्हाला वैतागलेली. तिने पडदा खालीच ठेवला. संध्याकाळी मास्तरांनी बटण दाबलं आणि पडदा वर गेला. फोन म्हणाला, "बंद." मास्तर निर्धास्त. वर कुणाला संशय नको म्हणून घरातले सगळे दिवे लावलेले.

मग काय, आम्ही डोळ्यांत तेल घालून बसू लागलो. मास्तर बोटांनी चाचपत वर्तमानपत्र कापायचे. हँगरला कोट अडकवून त्याच्यापुढे गिऱ्हाइकासमोर झुकावं तसे झुकायचे. एकदा कोट खाली पडला, तरी पाच मिनिटं रिकाम्या हँगरशी हसून बोलत होते.

"सांगायला हवं त्यांना," आमचे हे म्हणाले.

"मग सांगा की."

"चहा तर संपू दे."

तो चहा तीन आठवडे संपला नाही. दुकानाचे मालक माझे चुलत दीर. माझ्या पोटात काही राहत नाही, हे साऱ्या खानदानाला ठाऊक आहे. एका संध्याकाळी भावजींना बोलावलं, गॅलरीत खुर्ची टाकली. भावजींनी अर्धा तास बघितलं. जाताना फक्त म्हणाले, "वहिनी, चहा छान होता."

दुसऱ्या दिवशी मास्तर दुपारीच घरी आले. संध्याकाळी दिवे लागले, पडदा वर गेला, आणि माझा फोन वाजला.

"वहिनी, मास्तर बोलतोय. जरा गॅलरीतून बघता का, माझा पडदा बंद आहे ना?"

मी गॅलरीतच होते. मास्तर कपाटाकडे तोंड करून उभे, गळ्यात अजून टेप.

"बंद आहे, मास्तर."

"नक्की ना?"

"अहो, बंद म्हणजे बंद."

"उपकार झाले वहिनी. तुमच्याशिवाय विचारणार कुणाला?"

त्यांनी फोन ठेवला, गळ्यातली टेप काढून नीट गुंडाळली, भिंत चाचपत खाली बसले आणि तोंडही न झाकता रडायला लागले. तोंड कशाला झाकतील, पडदा बंद होता ना.

भावजींची खुर्ची ह्यांनी अजून आत नेली नव्हती. मी तिच्यावर पाय टेकले आणि ह्यांना म्हटलं, "बसा, आत्ताच सुरू झालंय."