श्यामलाताईंच्या मॉरिसचं सीमोल्लंघन

श्यामलाताईंबद्दल खरं तर कुणीतरी नीट लिहिणाऱ्याने लिहायला हवं होतं. मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून. चार ओळी लिहिल्या की पाच खोडतो. पण त्या दसऱ्याला त्यांच्या सगळ्यांत जवळ मी होतो, आणि अजूनही ते आठवलं की मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. म्हणून लिहितो.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या दारात राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. घरात माणूस एकटं, पण खाली पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली त्यांच्या वडिलांची काळी मॉरिस मायनर होती. वडील गोपाळकृष्ण होमिओपॅथीचे डॉक्टर. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी लोणी काळभोरला जाऊन औषधं देत. त्यांची नजर अधू झाली तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या. वडील म्हणाले, आता लोणी बंद. ताईंनी पदर खोचला आणि स्टिअरिंग हातात घेतलं. सोलापूर रस्त्याने मुलगी मोटार हाकते हे बघायला बायामाणसं शेतातलं काम टाकून बांधावर येत. लोणीत त्यांचं नावच 'मोटारवाली ताई' पडलं.

वडील गेले, नोकरीचा व्याप वाढला, गाडी थांबली ती थांबलीच. विकायचं मात्र ताईंनी नाव काढलं नाही.

सोसायटीच्या सभेत तो विषय निघाला. आमचे सेक्रेटरी आप्पासाहेब चष्मा पुसत म्हणाले, "श्यामलाबाई, चालते तिला गाडी म्हणतात. चालत नाही तिला अडगळ. अडगळीसाठी माळा असतो, पार्किंग नसतं."

सगळे हसले. ताई उभ्या राहिल्या. "दसऱ्याला माझी गाडी स्वतःच्या दमावर या गेटबाहेर जाईल. नाही गेली, तर भंगारवाल्याला मीच बोलावीन."

"शब्द?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"माझाच. तुमच्यासारखा कमिटीला विचारून देत नाही."

जिना चढताना त्या मला म्हणाल्या, "यज्ञेश्वरराव, उद्या मोकळे आहात का?" मी निवृत्तीपासून मोकळाच होतो. तसं कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

मग आम्ही मेकॅनिक शोधायला लागलो. खराडीहून एक तरुण आला. लॅपटॉप घेऊन गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "आजी, स्कॅनर कुठे लावू? हिला सॉकेटच नाहीये! पण कसली क्यूट आहे!" फोटो काढून गेला. दुसरा आला तो म्हणाला, इंजिन काढून टाकू, छोट्या कारचं बसवू, कुणाला कळणारही नाही. ताई म्हणाल्या, "उद्या म्हणाल, वडीलही दुसरे बसवू." तो चहा न घेताच गेला.

शेवटी नाना पेठेत गेलो. तिथे स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. एका दुकानदाराने काउंटरवर कोपर टेकून सांगितलं, "मॉरिसचा माणूस एकच उरलाय. दत्तोबा. लोणी काळभोरला. पण आधीच सांगतो, गाडीपेक्षा स्वतःबद्दल जास्त बोलतो."

लोणी म्हटल्याबरोबर ताईंचा चेहरा बदलला. त्याच दिवशी आम्ही बस पकडली.

दत्तोबा एका बंद गुऱ्हाळाच्या शेडमध्ये खाटेवर बसला होता. वय आमच्याएवढंच, मिशा मात्र दुप्पट. आम्ही काही बोलायच्या आत म्हणाला, "पुन्यात मॉरिस चालत्यात त्या माझ्यामुळं. बंद हायत त्या दुसऱ्यांमुळं. तुमची कंची?"

"डॉक्टरांची काळी," ताई म्हणाल्या.

तो ताडकन उठला. "मोटारवाली ताई? आन् ती गाडी हाय अजून? आवो, ओढ्यात रुतली हुती तवा मीच ढकलली!"

"तुम्ही ढकलली नाहीत. तुम्ही मडगार्डवर बसून बाकीच्यांना कसं ढकलायचं ते सांगत होता."

दत्तोबा इतका हसला की त्याला ठसका लागला. "येतो," म्हणाला. "पर चालवायची तुम्हीच. ड्रायव्हर ठिवलात तर मी हात लावनार न्हाई."

तिथून पुढचे दिवस माझ्या आयुष्यात आले हेच मला पटत नाही. सकाळी उठल्याबरोबर मी खाली. माझं काम उजेडासाठी विजेरी धरायचं. दत्तोबा कापडी पिशवीतून पाने काढायचा, एकेक भाग उकलायचा आणि जुन्या गाड्यांच्या गोष्टी सांगायचा, त्यातल्या निम्म्या मला खोट्या वाटत. ताई रॉकेलमध्ये भाग धूत. नाना पेठेतून रबरं आली, वायरी आल्या, टायर आले. आप्पासाहेब रोज फिरायला जाताना विचारत, "काय, आज तुमचं हे काळं घुबड बोललं का?"

अष्टमीला बोललं! ताईंनी किल्ली फिरवली. आधी बोनेटखालून टिक्-टिक्-टिक् असा आवाज आला. तो पेट्रोलचा पंप. टिकटिक थांबली म्हणजे पेट्रोल भरलं. मग ताईंनी स्टार्टरचं बटण ओढलं. गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. मी ओरडलो. काय ओरडलो ते ठाऊक नाही, पण वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. ती फाटकापर्यंत न्यायची राहिलीच, कारण ब्रेकचं तेल त्या संध्याकाळी मिळालं. ते भरून झाल्यावर दत्तोबा पिशवी बांधत म्हणाला, "झालं. आता दसऱ्याला पेढा खायला येतो."

दसऱ्याच्या सकाळी मॉरिसला झेंडूचा हार होता. ताईंनी ठेवणीतली नारायणपेठी नेसली होती. सगळी सोसायटी जमली. दत्तोबा पांढरंशुभ्र धोतर आणि फेटा घालून आला. ताईंनी किल्ली फिरवली.

काही नाही. बटण ओढलं. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा घरघर, मग तीही मंदावली आणि स्टार्टर गप्प झाला.

"ब्याटरी उतरली," दत्तोबा ठासून म्हणाला. "उघडून बघतो. पाना आ..." आणि तो थांबला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. "हत्यारं घरी पूजेला हायत. आमच्या कारभारनीनं, तुळजाबाईनं, काल बसवली. आज सोनं लुटल्याबिगर उचलायची न्हाईत."

आसपासचं प्रत्येक गॅरेज बंद, प्रत्येक पान्यावर हळदकुंकू. ताईंच्या वडिलांची हत्यारंही वर देवापुढे होती. माझ्या घरात तर विळी आणि कात्रीसुद्धा पाटावर बसलेली!

आप्पासाहेब म्हणाले, "संध्याकाळी सोनं लुटा, मग उचला. भंगारवाले पाचपर्यंत असतात."

"आणा ना वडिलांची हत्यारं," मी हळूच म्हणालो. "देव समजून घेईल."

"देव घेईल हो," ताई म्हणाल्या. "मलाच चालणार नाही. वडिलांनी कधी मोडलं नाही." त्या गाडीत मान खाली घालून बसल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या ऐकत होत्या. त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली, बंद केली, फिरवली. "दत्तोबा, दोष बॅटरीचा नाही. टिकटिक येत नाहीये. पंप अडकलाय."

"पंप मी घासलाय!"

"मग नीट घासला नाहीत."

दत्तोबाने मिशीला हात लावला आणि बोनेट उघडलं. ताईंनी पर्स उघडली. नखं घासायची छोटी कानस काढली. "हिची पूजा केलेली नाही," म्हणाल्या. पंपाच्या टोपणाचा आटा नशिबाने बोटांनी सुटला. ताईंनी आतली, वीज जोडणारी दोन टोकं कानसेने घासली, फुंकर मारली, टोपण बसवलं. किल्ली.

टिक्-टिक्-टिक्-टिक्!

टाळ्या वाजल्या. पण स्टार्टर काही हलेना. तेवढा जोर बॅटरीत उरला नव्हता. आता हँडल मारायचं, म्हणजे पुढून घालून इंजिन हातानेच फिरवायचं. लोखंडी हँडल सीटमागे होतं. आप्पासाहेब चटकन म्हणाले, "हे हत्यारच की!"

"हत्यार न्हाई," दत्तोबा गरजला. "गाडीचा अवयव हाय. मानूस पूजेदिवशी पाय काढून ठिवतो व्हय?" मग माझ्याकडे वळून, "माझं मनगट ह्यानंच मोडलंय. साहेब, तुमी मारा. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठिवा, न्हाईतर जाईल."

एवढ्या लोकांपुढे! मी हँडल लावलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा ते उलटं झटकलं, अंगठा वाचला. "यज्ञेश्वरराव, वर ओढा, वर!" ताई ओरडल्या. मी होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं आणि गाडी पेटली!

दत्तोबा ताईंच्या शेजारी चढला. मॉरिस हलली. हार डोलत होता, लोक बाजूला सरत होते, आणि ती गेटबाहेर गेली. खरोखर गेली. मी तिथे उभा राहून रडायच्या बेतात होतो, तेव्हा लक्षात आलं, हँडल माझ्याच हातात होतं.

म्हणजे रस्त्यात इंजिन बंद पडलं की सगळंच संपलं. ताईंनाही ते कळलं असावं. त्या थांबत नव्हत्या, फक्त हळू झाल्या होत्या. दत्तोबाने मागे वाकून मागचं दार उघडून धरलं.

"अहो यज्ञेश्वर, बघताय काय?" मागून आप्पासाहेब ओरडले. "धावा! अहो, धावा!"

मी धावलो. लोखंडी हँडल खांद्यावर घेऊन कोथरूडच्या भर रस्त्यातून, कॉलेज सुटल्यानंतर पहिल्यांदाच. दत्तोबाने माझी कॉलर धरून मला आत ओढलं. ताईंनी आरशातून पाहिलं आणि म्हणाल्या, "नीट बसा. आता लोणीशिवाय थांबायचं नाही."

आणि त्या थांबल्या नाहीत. सिग्नललासुद्धा इंजिन बंद होऊ दिलं नाही.