पुतळाबाई आणि हऱ्याची धून

पुतळाबाईशी ज्याचं कधी भांडण झालं नाही असा एक तरी माणूस वर्सोव्याच्या कोळीवाड्यात दाखवा, मी मासळीची टोपली डोक्यावर पालथी घालून फिरेन. मी तिची धाकटी जाऊ, सगुणा. आमची घरं भिंतीला भिंत लावून आणि बाजारातली बसायची जागाही शेजारीशेजारीच. त्यामुळे सकाळी नळावर सुरू झालेलं भांडण दुपारी अंधेरीच्या बाजारात गिऱ्हाईक सांभाळत पुढे चालायचं, आणि संध्याकाळी ती माझ्या घरचं कालवण चाखून "मीठ कमी हाय" म्हणायची. तिच्या जिभेला हाड नाही. माझ्याही नाही, ते आधीच सांगून टाकते.

तिला एकच मुलगा, हरेश्वर. वाडीत सगळे हऱ्या म्हणायचे. त्याचा बाप तो शाळेत असतानाच वारला. पुढे काकांनी त्याला होडीवर नेऊन पाहिलं, पण बंदर मागे पडलं की हा पोटातलं सगळं समुद्राला देऊन टाकायचा. कोळ्याच्या पोराला समुद्र लागतो म्हणजे काय! वाडी हसून हसून बेजार झाली. शेवटी मरोळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटला. आणि तिथल्या पगारातून त्याने काय घ्यावं? जहाजावर नोकरी करणाऱ्या एका माणसाकडून जुनी, लाल रंगाची, विजेवर चालणारी गिटार घेतली. पुतळाबाईला वाटत होतं, पोरगा घरावर नवीन कौलं घालेल.

आता त्या गिटारीबद्दल मी काय सांगू? गाणं म्हणावं तर त्यात गाणारा बोंबलतो, आणि वाजवणारा त्याच्याहून बोंबलतो. भिंतीवरची भांडी थरथरायची. माझ्या नवऱ्याने एकदा जेवता जेवता ताट घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन जेवण संपवलं. मी तरातरा जाऊन विचारलं, हे काय चाललंय रे, कोणी मेलं का? तर दात काढून म्हणतो, काकी, याला हेवी मेटल म्हणतात. नावं काय, काहीही ठेवा, माझ्या कानठळ्या बसायच्या त्या बसल्याच.

पुतळाबाईचा न्याय मात्र अजब होता. घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "बंद कर रे ती बोंबाबोंब, मेल्या." आणि बाहेर कोणी त्या आवाजाबद्दल चकार शब्द काढला की पदर खोचून दारात उभी. माझा पोऱ्या दारू पितो का, जुगार खेळतो का, मग वाजवू दे की. तिच्यापुढे कोण बोलणार? वाडी गप्प बसली आणि कानात कापूस घालून झोपायला शिकली.

हऱ्याबरोबर आणखी पोरं होती. त्यातला गाणारा श्यामकांत अंधेरीच्या पांढरपेशा घरातला, बाप बँकेत साहेब, पोराचे केस मात्र माझ्यापेक्षा लांब. आधी ही मंडळी त्याच्या इमारतीच्या गॅरेजमध्ये वाजवायची. तिथल्या लोकांनी हाकललं, तेव्हा सगळा बाडबिस्तरा होडीच्या शेडमध्ये आला. तिथे बर्फ फोडायचं यंत्र दिवसभर खडखडतं, होड्यांची इंजिनं ठणठणतात, त्यात आणखी चार पोरांचा आवाज कोणाला सांगायचा? श्यामकांत आला तेव्हा मासे खात नव्हता. पुतळाबाईने त्याला पहिल्याच आठवड्यात कुरकुरीत बोंबील खायला लावले. त्याच्या आईला हे कधी कळलं की नाही, देव जाणे.

शेवटच्या वर्षी हऱ्याने स्वतःची एक धून बांधली. तिला शब्द नव्हते, नुसती गिटार. सुरुवातीला जड जड घाव घातल्यासारखी, मग एकदम पळत सुटायची, आणि पळता पळता अशी गिरकी घ्यायची की शिव्या घालणारीचे पायही ठेका धरायचे. माझे धरायचे म्हणून सांगते. उठला की ती धून, कामावरून आला की ती धून. पुतळाबाई मासे कापताना कोयती त्याच ठेक्यावर चालवायची आणि वर तोंडाने त्याला शिव्या घालायची.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. झाडपाला झाला, मग डॉक्टर झाला, मग हॉस्पिटल झालं, आणि आमचा हऱ्या गेला. तेवीस वर्षांचा होता. त्यावर मी जास्त बोलणार नाही, बोलवत नाही. एवढंच सांगते की त्या गल्लीत इतकी शांतता कोणालाच नको होती.

रडून झाल्यावर पुतळाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. हऱ्याची ती धून कुठल्याच कॅसेटवर नव्हती. पोरांनी गायचं-वाजवायचं पुष्कळ टेप केलं होतं, पण ही धून पक्की झाल्यावर टेप करू म्हणत राहूनच गेलं. म्हणजे ती आता होती ती फक्त ऐकणाऱ्यांच्या डोक्यात. एक दिवस ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "सगुणे, मानसं इसरतील गो. माजा पोऱ्या गेला तो गेला, पन ती धूनपन जानार. मना ती एकदा वाडीत वाजलेली पायजे." तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. ती भांडायला उभी राहते तेव्हा तिचा जसा चेहरा असतो तसा होता.

तिने श्यामकांतला बोलावून सांगितलं, पुढच्या नारळी पुनवेला, नारळ समुद्राला दिला की, देवळापुढच्या मैदानात हऱ्याची धून वाजवायची. हऱ्याच्याच गिटारीवर. श्यामकांत लगेच हो म्हणाला. त्याला बरीचशी धून आठवत होती, आणि वाजवायला त्याने चेंबूरचा एक चांगला गिटारवाला शोधला. त्या मुलाने आपल्या गिटारीवर सराव केला. पण हऱ्याची गिटार? तिला हात लावायचा नाही. ती पुनवेच्याच दिवशी बाहेर निघेल, असं पुतळाबाईने बजावलं. ऐकून घेईल ती पुतळाबाई कसली!

वर्षभर ती त्या गिटारीला जपत होती. कशी जपत होती ते ऐका. होडीचं लाकूड खाऱ्या हवेत टिकावं म्हणून आम्ही त्याला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल चोपडतो. पुतळाबाईने तेच तेल गिटारीला चोपडलं, दर अमावस्येला, पुढून, मागून, दांड्याला. गिटार चकाकायची झकास, पण घरात असा वास की वाडीतल्या मांजरी तिच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसायच्या. पुढे तारा गंजल्या. गंजणारच, दारात समुद्र आहे. मग तिने काय करावं? जाळं फाटलं की कोळीण थांबते का कोणासाठी? तिने गंजलेल्या तारा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी तंगूस ओढला. तंगूस म्हणजे गळाला बांधतात तो नायलॉनचा धागा. जाडा, मध्यम, बारीक, अगदी क्रमाने. गाठी अशा मारल्या की सुरमई ओढून काढावी. मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, वा बाय, आता गंजायचं नाव नाही. आम्हाला कोणाला काय ठाऊक?

पंच्याऐंशीची नारळी पुनव. मिरवणुकीपुढे रामनाथचा बॅन्ड होता. रामनाथ आमच्याच वाडीतला, लग्नात-हळदीत वाजवणारा, ट्रम्पेट फुंकताना त्याचे गाल टोमॅटोसारखे फुगायचे. सोन्याचा नारळ समुद्राला दिला, आणि सगळी वाडी देवळापुढे जमली. पुतळाबाई नव्या लुगड्यात, अबोलीची वेणी, दोन्ही हातांत गिटार. गिटारीलाही हार घातलेला. चेंबूरच्या मुलाने ती घेतली, नाकाला वास लागला तसा जरा मागे सरकला, पण बिचारा सभ्य होता. वायरी लावल्या. त्याने हात वर नेला आणि तारांवर मारला.

काहीच नाही. नुसती स्पीकरची घूं घूं. पुन्हा मारला. कोपऱ्यात कोणीतरी फिदीफिदी हसलं, मागून कोणी सिनेमाचं गाणं लावा म्हणून ओरडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आधी श्यामकांतकडे बघितलं. तो गिटारीवर वाकला, बोटाने तंगूस चाचपला, आणि पुतळाबाईपाशी येऊन हळूच सांगू लागला की मावशी, या गिटारीच्या पोटात लोहचुंबक असतं, त्याला फक्त लोखंडी तार ऐकू येते, नायलॉन नाही. दुसऱ्या तारा आणल्या नाहीत, दुसरी गिटार चेंबूरला आहे.

पुतळाबाईचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यभर बाजारात कोणापुढे न हरलेली बाई, आणि आता त्या तंगुसाकडे बघत उभी. म्हणाली, "म्हंजे मीच त्याचा गला बांदला." एका वर्षाची आस, आणि तिच्याच हातच्या गाठींनी वाट लागली. मला तर त्या चुंबकाला शिव्या द्याव्याशा वाटल्या.

तेवढ्यात रामनाथ ट्रम्पेट काखेत मारून पुढे आला. त्याने विचारलं, धून कशी होती, तोंडाने सांगा. श्यामकांतने गुणगुणायला सुरुवात केली. पण मधल्या गिरकीपाशी तो अडखळला, आणि पुतळाबाईचं डोकं फिरलं. "असा नाय रे," असं म्हणून तिने माइक त्याच्या हातातून ओढला आणि तोंडाने धून धरली. ढॅण ढॅण ढड्ढॅण! आधी जड घाव, मग पळापळ, मग ती गिरकी. घाव न् घाव, एक ठेका चुकला नाही. इतकी वर्षं शिव्या घालता घालता बाईने सगळी धून गिळून ठेवली होती. माइक होताच, आवाज पार खाडीपर्यंत गेला असणार.

रामनाथने एकदा नीट ऐकली. मग म्हणाला, हा तर आपलाच ठेका आहे, पोराने फक्त त्याला राग आणलाय. ट्रम्पेट ओठाला लावली. मागून सनई, ढोल, खुळखुळे. चेंबूरचा मुलगा रिकाम्या हाताने टाळ्या वाजवत होता, आणि श्यामकांतच्या मंडळीतल्या ढोलवाल्याने आपला भलामोठा ड्रम असा बडवला की देवळाची घंटा आपोआप हलली, असं माझा नवरा अजून सांगतो. पहिल्यांदा बायका उठल्या, मग पुरुष, मग ज्यांनी कानात कापूस घातला होता ते म्हातारेही. पुतळाबाई मध्ये उभी राहून ओरडत होती, "जोरात, अजून जोरात." तिच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच ऐकले. त्या रात्री मी एवढी नाचले की दुसऱ्या दिवशी बाजारात बसून मासे विकणं जड गेलं.

श्यामकांतने पुढच्या आठवड्यात लोखंडी तारा आणून बसवल्या. पुतळाबाईने तेल लावणं मात्र सोडलं नाही, मांजरीही सोडून गेल्या नाहीत. पण धून गिटारीत राहिली नाही. रामनाथला ती अशी आवडली की पुढच्या हळदीत वाजवली, मग लग्नात, मग वरातीत. दुसऱ्या बॅन्डवाल्यांनी ती त्याच्याकडून उचलली. नवरीला न्यायला आलेले वऱ्हाडी "ती पळणारी धून लावा" म्हणून अडून बसायला लागले. पुतळाबाई जिथे जाईल तिथे सांगत सुटायची, हे माझ्या पोऱ्याचं. आणि मी तिच्या मागून, हो हो, तिच्याच पोऱ्याचं, माझ्या पुतण्याचं.

सत्त्याऐंशीत खाडीपलीकडे मढला एक लग्न होतं. आम्ही दोघी तरीत बसून गेलो. वरात निघाली, बॅन्ड सुरू झाला, आणि पहिल्याच घावाला आम्ही एकमेकींकडे बघितलं. बॅन्ड रामनाथचा नव्हता, आम्ही त्यांना ओळखतही नव्हतो. पुतळाबाईने शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, हे कुठलं वाजवतात? म्हातारा छाती फुगवून म्हणाला, हे आमच्या मढचं जुनं वाजप आहे, माझ्या आजोबाच्या वक्तापासूनचं, तुम्हाला वर्सोव्याच्यांना काय माहीत.

माझं तोंड सुटणारच होतं. मी पदर खोचला सुद्धा. आजोबाचं? दोन वर्षं झाली नाहीत वाजायला लागून, आणि याच्या आजोबाचं! पण पुतळाबाईने माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. बघते तर बाई हसतेय. हसतेय आणि डोळ्यातून धारा लागल्यात.

"बोलू दे गो त्याला," ती म्हणाली. "माजा पोऱ्या तेविसाव्या वर्सी गेला. आन् बघ, आज याचा आजोबा झाला."

मग तिने त्या म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्याला ओढत वरातीत नेलं. त्याला कळेचना ही बाई रडत का नाचतेय, पण नाचला बिचारा. मी खोचलेला पदर तसाच ठेवला आणि त्यांच्यात शिरले.