मोठ्या बँकेचा माणूस कोण?

“मॅडम, ह्यांच्या हातातला माईक घ्या. न्हायतर मी हितंच खाली बसतो,” मास्तर म्हणाले.

माईक अंबादासअण्णांच्या हातात होता आणि ते सोडायला तयार नव्हते. शुक्रवार पेठेतलं एक मंगल कार्यालय, रविवारची सकाळ, समोर दोनशेच्या आसपास माणसं. मतपेटी टेबलावर. मतदान सुरू व्हायला अर्धा तास बाकी.

मी सहकार खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत संस्थांच्या बऱ्याच निवडणुका घेतल्या होत्या. हे बोलावणं आलं तेव्हा वाटलं, दोन तासांचं काम आहे.

काम असं होतं. शहरातल्या एका छोट्या सहकारी बँकेची निवडणूक जवळ आली होती. सहकारी बँक सभासदांच्या मालकीची असते आणि तिचे संचालक सभासदच मतदानाने निवडतात. उमेदवार एकेकटे लढत नाहीत, गट करून लढतात. त्या गटाला पॅनेल म्हणतात. या पॅनेलचा प्रमुख कोण, यावर दोघं अडून बसले होते. मागच्या वेळी असंच झालं होतं. एकाने बंडखोरी केली, मतं फुटली, पॅनेल पडलं. म्हणून यंदा ठरलं, आधी आपापसात मतदान घ्यायचं आणि हरेल त्याने दुसऱ्याचा प्रचार करायचा. कुठल्याच बाजूची नसलेली बाई म्हणून मला बोलावलं होतं.

अंबादासअण्णांचा टॉवेलचा कारखाना. तीन पिढ्यांचं विणकर घराणं, घरात तेलुगू, बाजारात मराठी. दुसरे होटगीचे शिवाजीराव. रेल्वेत स्टेशन मास्तर होते, म्हणून सगळे मास्तरच म्हणायचे. दोघंही जुने सभासद. दोघांच्याही कामावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं.

भांडण मोठ्या बँकेवरून होतं. बाहेरची एक मोठी खासगी बँक ही छोटी बँक घ्यायला बघतेय, अशी गावात चर्चा होती. कागदावर त्याला विलीनीकरण म्हणतात. म्हणजे छोटीची पाटी उतरते, संचालक घरी जातात आणि ती मोठीत मिसळून जाते. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागवाले, हातगाडीवाले यांना ही छोटी बँक नावानिशी ओळखायची. ती गेली असती तर त्यांची ओळखही गेली असती. त्यामुळे ‘तू मोठ्या बँकेचा माणूस’ ही त्या हॉलमध्ये शिवीच होती.

“ह्यांचा जावई त्या बँकेत मॅनेजर आहे की नाही, विचारा!” अण्णा माईकवरून म्हणाले. “जावई तिकडं, सासरा इकडं. आपली बँक घरातल्या घरात जाईल की!”

मास्तर माईकशिवायही सगळ्यांना ऐकू जातील असे होते. “आन् तुमच्या घराच्या खाली त्यांचं एटीएम हाय, ते कुनाला दिसत न्हाय व्हय? महिन्याच्या महिन्याला भाडं कुटनं येतंय?”

मागच्या रांगेत दोन जण उठून उभे राहिले. एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. मी माईक घेतला आणि मतदान तासभर पुढे ढकललं. दोन्ही उमेदवारांना वधूपक्षाच्या खोलीत नेलं. तेवढी एकच खोली मोकळी होती.

“अण्णा, एटीएमचं खरं आहे?”

“आहे.”

“मास्तर, जावयाचं?”

“खरं हाय.”

“मग भांडण कशाचं?”

“त्यांनी लपवलं,” दोघं एकदमच म्हणाले.

“तुम्ही स्वतःचं सांगितलं होतं?”



आमच्या खात्यात ‘हितसंबंध’ हा शब्द रोजचा. ज्या विषयावर निर्णय घ्यायचा त्यात आपला किंवा घरच्यांचा फायदा-तोटा असेल, तर तो हितसंबंध. तो असणं गुन्हा नाही. आधी सांगायचं, आणि तो विषय निघाला की खोलीबाहेर जायचं, एवढाच नियम. मी वहीची दोन पानं फाडली आणि दोन्हींवर तीन प्रश्न लिहिले. घरचं कुणी त्या बँकेत आहे का? तुमचा स्वतःचा त्यांच्याशी व्यवहार आहे का? त्यांनी तुमच्याकडे कधी काही मागितलं का?

अण्णांनी पाच मिनिटांत लिहून दिलं. मास्तरांचं पेन तिसऱ्या प्रश्नावर थांबलं.

“हे लिवायलाच पायजे व्हय, मॅडम?”

“सक्ती नाही. पण मग मी बाहेर ‘उत्तर दिलं नाही’ असं सांगेन.”

मास्तरांनी तेही लिहून दिलं.

हॉलमध्ये येऊन दोघांना आपापला कागद वाचायला लावला. अण्णांनी वाचलं, एटीएमचा करार अजून दोन वर्षांचा आहे, घरचं कुणी तिथे नाही, कुणी काही मागितलेलं नाही. मग मास्तर उभे राहिले.

“माजा जावई त्या बँकेत पुण्याला मॅनेजर हाय. संक्रांतीला आला तवा त्यानं आपल्या मोठ्या ठेवीदारांची यादी मागितली. मी दिली न्हाय. म्हनलं, जेवायला या, यादी मागू नका. तवापासनं पोरगी माहेरी आली न्हाय.”

गेले तीन आठवडे अण्णांचे कार्यकर्ते व्हॉट्सॲपवर याच जावयाचा फोटो फिरवत होते. अण्णा खुर्चीतून उठले.

“मास्तर, हे मला माहीत नव्हतं.”

“तुमाला कसं म्हाईत असनार? मी घरातबी बोललो नव्हतो.”

तेवढ्यात पुढच्या रांगेतून लक्ष्मीबाई उठल्या. विडी कामगार, साठीच्या पुढच्या, कुणाला न भिणाऱ्या. त्यांनी थेट मलाच विचारलं, “मॅडम, तुमची पेन्शन कुठल्या बँकेत येते?”

मी घाबरलेच. “त्याच बँकेत,” म्हणाले. सगळा हॉल हसला.

मग मलाही सुचलं. मी विचारलं, “ज्यांच्या मोबाईलमध्ये त्या बँकेचं ॲप आहे, त्यांनी हात वर करा.” आधी चार-पाच हात आले. मग एकमेकांकडे बघत निम्म्याहून जास्त. मघाशी कॉलर धरणारा आणि धरून घेणारा, दोघांचेही.

“करणार काय?” एक यंत्रमागवाले म्हणाले. “आपल्या बँकेचं ॲप दोन महिने उघडत नाही.”

“मग त्यांना शिव्या कशाला?” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “आधी आपलं दुकान नीट उघडा की.”

पुढचा पाऊण तास ॲपवर चर्चा झाली. जावई आणि एटीएम कुणी काढलं नाही. नंतर मतदान शांतपणे पार पडलं. मास्तर अकरा मतांनी जिंकले. अण्णांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनीच माईक मागून घेतला. म्हणाले, “मी बंडखोरी करत नाही. फक्त हे दोन्ही कागद बँकेच्या बोर्डावर लावा.” मास्तरांनी त्यांना मिठी मारली आणि ॲपचं काम त्यांच्या गळ्यात घातलं.

पॅनेल निवडून आलं. मास्तर अध्यक्ष, अण्णा उपाध्यक्ष, महिलांच्या जागेवर लक्ष्मीबाई. ॲप सुरू झालं, अधूनमधून अजून अडतं. मास्तरांची लेक पंचमीला आली. बरोबर जावईही आला. यादीचा विषय कुणी काढला नाही, असं मास्तरांनी मला फोनवर आनंदाने सांगितलं.

काही महिन्यांनी विलीनीकरणाचा प्रस्ताव खरोखरच आला. संचालकांच्या मीटिंगला नियम सांगायला मला बोलावलं होतं. विषय निघाला तसे मास्तर उठून बाहेर गेले. खुर्ची उपाध्यक्षांकडे आली, तर अण्णाही उठले. त्यांचा एटीएमचा करार चालूच होता. बाहेर एकच स्टूल होतं. दोघं आळीपाळीने त्यावर बसले आणि दाराला कान न लावता तासभर थांबले. आत उरलेल्यांनी लक्ष्मीबाईंना खुर्चीत बसवलं आणि प्रस्ताव एकमताने फेटाळला.

तेव्हापासून कुठल्याही संस्थेने सल्ला विचारला की मी सांगते, मीटिंगच्या खोलीबाहेर दोन बऱ्या खुर्च्या ठेवा. चांगल्या उमेदवारांना कधी ना कधी बाहेर बसावं लागतं.